दुसरी टाकी

भरलेल्या टाकीला भिऊ नये, रिकाम्या टाकीला भ्यावं. मला पंपावर कामाला लावणाऱ्या उस्तादाने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं. भरलेल्या टाकीत पेट्रोल काठोकाठ असतं, हवेला आत जागा नसते. आग लागलीच तर तोंडाशी लागते. रिकाम्या टाकीत पेट्रोल नसतं, पण त्याची वाफ असते आणि वाफेच्या सोबतीला हवा असते. दोघी गुपचूप बसलेल्या असतात. एक ठिणगी पडली की जाड पत्र्याची टाकी कागदासारखी फाटते.

"वाफ दिसत नाही, वाजत नाही," उस्ताद म्हणायचा. "तिची चाहूल फक्त नाकाला लागते. तेव्हा नाक जप. हातपाय काय, सगळ्यांनाच असतात."

मी नाक जपलं. चौतीस वर्षं मी गावाबाहेरच्या हमरस्त्यावरच्या एकाच पंपावर काढली. टँकर आला की झाकण उघडून मी एकदा हुंगायचो आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचो. भेसळ असेल तर त्याचं तोंड आधीच उतरलेलं असायचं. अक्षरं मला पन्नाशीनंतर आली, तीही धाकट्या लेकीच्या शाळेच्या पुस्तकांतून. तोवर मी जे काही वाचलं ते नाकाने आणि टाकीत सोडायच्या मोजकाठीवरच्या खाचांनी.

मला 'नाकवाले' हे नाव पडलं त्याला बारा वर्षं झाली. पंपावरच्या एका गळक्या टाकीला वेल्डिंगचा डाग द्यायचा होता. तेल कंपनीचे साहेब वाफ मोजायचं मीटर घेऊन आले, टाकीच्या तोंडाशी धरलं, काटा शून्यावर. साहेब म्हणाले, "साफ. करा सुरू." मी म्हणालो, "साहेब, आत वास आहे." ते म्हणाले, "यंत्र खोटं बोलत नाही." मी काय करणार? गेलो आणि झाकणावर मांडी घालून बसलो. मालक ओरडले, साहेब ओरडले, मी हललो नाही. शेवटी कुणीतरी मीटर उघडून बघितलं. आतला सेल मेलेला होता. नवा घातल्यावर काटा एका झटक्यात दुसऱ्या टोकाला गेला. साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि माझ्यासाठी चहा मागवला.

तेव्हापासून आमच्या रस्त्यावर एक रीत पडली. मीटर काहीही म्हणो, शेवटचा शब्द नाकवाल्यांचा. आसपासच्या पंपांवरूनही मला बोलावणं यायचं. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

गेल्या वर्षी मला ताप आला. पंधरा दिवस अंथरुणात होतो. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. आधी कळलंच नाही. एका सकाळी मी चुलीपासून हातभर अंतरावर बसून पेपर वाचत होतो. आमची ही बाहेरून धावत आली आणि पातेलं उचलून आपटलं.

"अहो! दूध करपून कोळसा झालं, सगळ्या आळीत वास सुटलाय, आणि तुम्ही इथे बसून पेपर वाचताय?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला कळलं. मग तिने माझ्या नाकाखाली ठेचलेला कांदा धरला, कपडे धुवायचं औषध धरलं. काही नाही. पांढऱ्या भिंतीकडे बघावं तसं.

"झालं," ती म्हणाली. "आता हे नाक चष्मा टेकवण्यापुरतं उरलं."

मी तिला शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही, लेकीला तर नाहीच. ती म्हणाली, "लेकीपासून काय लपवायचं त्यात?" मी म्हणालो, वेळ आली की सांगेन. ती वेळ मी पुढे ढकलत राहिलो.

पंप बंद होणार हे त्याच सुमारास ठरलं. दोन वर्षांपूर्वी दूर कुठल्यातरी समुद्रात लढाई जुंपली आणि तेलाची जहाजं तीन आठवडे अडकली. त्या तीन आठवड्यांत आमच्या पंपावर मी जे बघितलं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. डबे घेऊन उभी असलेली चांगली चांगली माणसं एकमेकांच्या गळ्याला हात घालत होती. एक रुग्णवाहिका दीड तास रांगेत उभी होती आणि आतल्या माणसाच्या मुलाने शेवटी रांगेतल्या सगळ्यांसमोर हात जोडले. त्यानंतर सरकारने मनावर घेतलं. दहा वर्षांत देशाचं तेल निम्म्यावर आणायचं. हमरस्त्यावरचे पंप एकेक करून बंद करायचे, तिथे गाड्या विजेवर भरायची ठाणी उभी करायची. पहिल्या यादीत आमचा पंप होता.

लोकांना वाटायचं मला वाईट वाटत असेल. मला वाईट वाटलं नाही. ती रांग बघितलेल्या माणसाला वाटणार नाही. भीती मात्र वाटली, कारण जमिनीखालच्या तीन टाक्या उकरून काढायच्या, कापायच्या आणि भंगारात घालायच्या होत्या. म्हणजे तीन रिकाम्या टाक्या. आणि त्या कापायला आली माझी धाकटी.

धाकटी लोखंड कापायचं काम शिकली तेव्हा घरात महिनाभर कुणी धड जेवलं नव्हतं. आता तिचा हात असा बसलाय की पत्र्यावर खडूने रेघ मारावी तशी ज्योत फिरवते. ठेकेदाराच्या टोळीत ती एकटीच बाई. टोळीचा मुकादम तिला 'ताई' म्हणायचा आणि घाबरूनच असायचा.

मुकादम मला पहिल्या दिवशीच म्हणाला, "नाकवाले, तुमचं नाव ऐकून आहे. तुम्ही रखवालदार म्हणून राहा, पण काम तुमच्या नाकाचं. आपल्याकडे मीटर आहे, पण मला त्याचा भरवसा नाही. माझ्या सासऱ्यासारखं आहे ते, उगाच ओरडतं आणि ओरडायचं तेव्हा झोपतं."

सगळे हसले. धाकटी म्हणाली, "मीटरपेक्षा बाबाच बरे. बाबांना सेल घालावा लागत नाही."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. माझ्या ओठांवर आलंही होतं. पण टोळीतली दहा माणसं माझ्याकडे बघत होती आणि धाकटीच्या तोंडावर जो अभिमान होता तो पुसायला माझा हात उचलला नाही.

पहिली टाकी क्रेनने काढून पंपामागच्या मैदानात ठेवली. तीन वेळा पाण्याने धुतली, दोन दिवस झाकण उघडं ठेवून पंख्याने हवा मारली. मुकादमाने मीटर धरलं. गप्प होतं. मग मी झाकणावर वाकलो, डोळे मिटले, पूर्वीसारखा मोठा श्वास घेतला आणि म्हणालो, "साफ." धाकटीने कापली. काही झालं नाही. मी मनाला समजावलं, मीटर होतंच की.

दुसऱ्या टाकीच्या दिवशी मीटर मुकादमाच्या घरीच राहिलं. तो म्हणाला, "नाकवाले आहेत ना." मी वाकलो, डोळे मिटले आणि म्हणालो, "साफ." धाकटी कापत होती तेवढा सगळा वेळ मी पंपाच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभा होतो. माझ्या अंगाला असा घाम सुटला होता की सदरा भिंतीला चिकटला. काही झालं नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर हिने माझं तोंड बघितलं. नुसती म्हणाली, "आज सांगा तिला." मी म्हणालो, उद्या.

उद्या तिसरी टाकी होती.

ती सगळ्यांत जुनी. मैदानात उन्हात पडली होती, पोटाला गंज चढलेला. ती धुऊन झाली होती, हवा मारून झाली होती. विजेच्या ठाण्याचं उद्घाटन परवावर आलं होतं. मंत्री येणार म्हणून पुढच्या बाजूला रंगारी लागले होते आणि मालक दर अर्ध्या तासाने मागे येऊन "झालं का?" विचारत होते.

मुकादमाने मीटर टाकीच्या तोंडाशी धरलं. ते एकदम किंचाळायला लागलं.

त्याने ते हातावर आपटलं. बंद करून परत सुरू केलं. परत किंचाळलं.

"गेलं कामातून," तो म्हणाला. "काल घरी पाण्याच्या बादलीत पडलं होतं, तेव्हाच म्हटलं होतं मी. नवं यायला तीन दिवस लागतील." त्याने माझ्याकडे बघितलं. "नाकवाले?"

सगळे बाजूला झाले. मी टाकीवर चढलो. गुडघे वाजत होते. झाकणाच्या काळ्या तोंडावर वाकलो आणि श्वास घेतला. गरम हवा आत आली, नाकाच्या आत तिचा कोमटपणा कळला. त्यापुढे काही नाही. आत पेट्रोल असो, पाणी असो की फुलं असोत, मला सारखंच होतं. मला उस्तादाची आठवण आली. वाटलं, तो आत बसून माझ्याकडे वर बघतोय.

मी डोकं वर काढलं. दहा माणसं. मालक. धाकटी, हातात कातडी मोजे धरून. आणि माझ्या तोंडातून, मी काही ठरवायच्या आधी, चौतीस वर्षांची सवय बोलून गेली.

"साफ."

"बघा!" मुकादम म्हणाला. "सासरा तो सासराच. चला, सिलिंडर आणा."

मी खाली उतरलो.  धाकटीजवळ जाऊन म्हणालो, "पोरी, तुला वास येतोय का काही?"

ती मोजे चढवत होती. "बाबा, मला महिनाभर सगळ्याचाच तो वास येतोय. पाण्याला, उशीला, केसांना. माझंच काय, टोळीतल्या सगळ्यांचं नाक केव्हाच मेलंय. म्हणून तर तुम्ही आहात."

"थोडी थांब. जेवून घे आधी."

"मालकांचं बघताय ना? कापून घेते आणि मग निवांत जेवते." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "काय झालं? तोंड का असं?"

"ऊन लागलं."

"सावलीत बसा मग."

मी सावलीत जाऊन बसलो. दोन मजूर सिलिंडरची गाडी ढकलत आले आणि टाकीपासून पंधरा पावलांवर उभी केली. एकाने नळ्या उलगडल्या, लाल आणि निळी. धाकटीने कातडी झगा बांधला, केस फडक्यात गुंडाळले. ती सगळं नेहमीच्या क्रमाने करत होती आणि मी तिची प्रत्येक गोष्ट मोजत होतो. झगा झाला. फडकं झालं. चष्मा झाला. आता फक्त चावी फिरवायची आणि ज्योत पेटवायची.

मी स्वतःला सांगत होतो, पहिली टाकी निघाली, दुसरी निघाली, हीपण निघेल. मीटर पाण्यात पडलंच होतं. आणि त्याच वेळी आत कुणीतरी म्हणत होतं, बारा वर्षांपूर्वी साहेबसुद्धा असंच म्हणत होते.

तेवढ्यात ही माझा डबा घेऊन मागच्या फाटकातून आत आली. पदराने नाक दाबत माझ्याकडे आली.

"काय हा वास! कसे बसता इथे?"

"इथे नेहमीच येतो," मी म्हणालो. माझा आवाज मला परका वाटला.

"नेहमी येतो ते ठाऊक आहे. आज जास्त आहे." तिने टाकीकडे बघितलं. मग टाकीपुढे उभ्या धाकटीकडे. मग माझ्याकडे. डबा तिने खाली ठेवला. ती अगदी हळू म्हणाली, "अहो. तुम्ही सांगितलंय ना तिला?"

तिकडे चकमक खरकन् वाजली आणि ज्योत पेटली. सिलिंडरच्या गाडीजवळच धाकटी ती बारीक करत उभी होती, पिवळीची निळी होईपर्यंत. मग ती वळली आणि टाकीच्या दिशेने निघाली.

मी कधी उठलो ते मला आठवत नाही. ओरडलो, पण पुढच्या बाजूला रंगाऱ्यांचं यंत्र घरघरत होतं आणि ज्योतीचा आवाज तिच्या कानाशी होता. माझे गुडघे मला तिच्यापर्यंत पोहोचवणार नव्हते. सिलिंडर जवळ होते. मी लाल नळीच्या सिलिंडरवर पडलो आणि चावी दोन्ही हातांनी आवळली. ज्योत फट् करून विझली. धाकटी टाकीपासून चार पावलांवर होती.

"कोण आहे रे तो गाढव?" ती गरकन् वळली. चष्मा वर केला. "बाबा?"

"मागे ये."

"काय केलंत हे? चालू कामात चावी..."

"आधी मागे ये!"

मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. ती आली. मुकादम आला, मालक आले, मजूर गोळा झाले. ही माझ्यामागे येऊन उभी राहिली.

मी म्हणालो, "मला वास येत नाही."

"म्हणजे साफच आहे," मुकादम म्हणाला.

"तसं नाही. मला कशाचाच वास येत नाही. वर्ष झालं."

 मुकादम हसला. "नाकवाले, लेक ज्योत घेऊन पुढे गेली म्हणून धीर सुटला तुमचा. होतं असं. कबूल करा आणि बसा."

"त्यांना खरंच येत नाही," ही म्हणाली. "घरात दूध करपलं तरी कळत नाही. मी सांगते ना."

मालक म्हणाले, "वहिनी, परवा मंत्री येतायत."

"तुमच्या मंत्र्याला बोलवा मग वास घ्यायला."

 धाकटीने मुकादमाच्या हातातून मीटर घेतलं आणि चालत फाटकाबाहेर गेली, रस्ता ओलांडून पार पलीकडच्या शेतापर्यंत. तिथे हात उंच करून उभी राहिली. मीटर गप्प होतं. ती परत निघाली. फाटकात गप्प. सिलिंडरजवळ गप्प. टाकीवर चढून तिने मीटर तोंडाशी नेलं, ते किंचाळलं. परत लांब गेली, गप्प झालं. एवढी साधी गोष्ट, पण ती कुणी करून बघितली नव्हती. यंत्र बिघडलंय म्हणणं सोपं होतं आणि माझ्यावर टाकणं त्याहून सोपं.

मग तिने मीटर दोरीला बांधून आत सोडलं. जसं खाली जाईल तसं जोरात ओरडत गेलं. तळाशी तर थांबेचना.

तेव्हा मला आठवलं. पुराच्या वर्षी ही टाकी तळाला गळत होती आणि आम्ही आतून पत्र्याचं ठिगळ मारलं होतं. मीच धरलं होतं ते, माणूस डाग देत असताना. ठिगळ आणि तळ यांच्यात पेट्रोल शिरून बसलं असणार. धुण्याचं पाणी तिथे पोहोचत नाही. उन्हाने पत्रा तापला की ते हळूहळू वाफ होऊन बाहेर येतं. हे मला ठाऊक होतं. पूर्वीच्या दिवसांत नाकाने आठवण करून दिली असती, आता कुणी दिली नाही.

मी तसं सांगितलं. मुकादम टाकीकडे बघता बघता मागे सरकत गेला, एकेक पाऊल, आणि सिलिंडरच्या गाडीला अडखळून खाली बसला. बसूनच राहिला. मालकांनी जाऊन स्वतः रंगाऱ्यांचं यंत्र बंद केलं. मग मैदानात एवढी शांतता झाली की मीटर दोरीच्या टोकाला, टाकीच्या पोटात, बारीक आवाजात ओरडताना ऐकू येत होतं.

टाकी पाण्याने काठोकाठ भरून टाकली. उद्घाटनाच्या दिवशी ती मागे ताडपत्रीखाली होती. पुढे मंत्र्यांनी पहिल्या गाडीला वायर लावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे खुर्ची टाकून टाकीपाशी बसलो होतो. कुणी विडी घेऊन तिकडे येऊ नये म्हणून. मला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

धाकटी ते दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. उद्घाटन आटोपल्यावर ती मागे आली, माझ्याजवळ जमिनीवर बसली. तिची टोळी दुसऱ्या दिवशी पुढच्या पंपावर जाणार होती. या रस्त्यावर असे एकोणीस पंप आहेत. देशात किती असतील ते मला मोजता येणार नाही, आणि प्रत्येकाच्या पोटात दोनतीन टाक्या आणि प्रत्येकाच्या दारात माझ्यासारखा कुणीतरी जुना माणूस.

"आता मीटरशिवाय हात लावणार नाही," ती म्हणाली. "मुकादमालाही तसं सांगितलंय. दोन मीटर हवीत, एक माझ्या कमरेला."

"बरं केलंस."

ती गवताची काडी मोडत बसली. ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती. मग काडी मोडता मोडता तिचे हात थांबले. ती कशाचा तरी हिशोब लावत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती कुठे पोहोचणार ते मला ठाऊक होतं. तीन रात्री मी तिथेच जाऊन येत होतो.

"बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्या टाकीच्या दिवशी मीटर नव्हतं."

"नव्हतं."

"तुम्ही वाकून वास घेतलात. साफ म्हणालात."

मी मान हलवली.

"तेव्हा तुम्हाला वास येत होता?"

मला खोटं बोलता आलं असतं. तिला त्या एका दिवसापुरता तरी तिचा बाप परत मिळाला असता.

"नाही," मी म्हणालो.

 ज्या हातात ती ज्योत धरते तो हात तिने मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.  मग दुसऱ्या हाताने तो घट्ट धरून ठेवला.